म्हातारपणाला नुसती मुलं पुरत नाहीत

दक्षिण कोरियातल्या वृद्धांच्या आत्महत्यांचा विषय निघाला की आपल्याकडे निदान तयारच असतं. एकत्र कुटुंबं मोडली, मुलं सोलला गेली, आईबाप गावात एकटे पडले, पैशामागे धावता धावता संस्कार गेले. ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानांपासून सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांपर्यंत हेच कथानक फिरत असतं आणि शेवटी ‘उद्या आपल्याकडेही हेच होणार’ असा इशारा जोडलेला असतो. खुद्द कोरियातही असं मानणारे कमी नाहीत. मला हे निदान अर्धवट वाटतं, आणि त्यावरून लिहून दिलेलं औषध तर थेट अपायकारक.

आधी आकडे. २०१० मध्ये कोरियातल्या ६५ वर्षांवरच्या लोकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण दर लाखामागे ८० च्या वर होतं. ओईसीडी या विकसित देशांच्या गटात त्याच्या आसपासही कुणी नव्हतं. २०२२ मध्ये ते ४० च्या खाली आलं. ४० हा आकडा आजही भयंकरच आहे, पण बारा वर्षांत निम्म्यावर येणं ही लहान गोष्ट नाही. आता याच काळात कुटुंबाचं काय चाललं होतं? आईवडिलांना सांभाळणं ही कुटुंबाची जबाबदारी आहे, असं १९९८ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० टक्के लोक म्हणत होते. २०१८ मध्ये असं म्हणणारे २७ टक्क्यांच्या आसपास उरले. एकट्याने राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण २०२० मध्ये १९.८ टक्के होतं, ते २०२३ मध्ये ३२.८ टक्क्यांवर गेलं. कुटुंब सैल होतच राहिलं आणि वृद्धांच्या आत्महत्या घटल्या. कुटुंब मोडणं हेच मूळ असतं तर आलेख वरच चढत राहायला हवा होता.

त्याआधीच्या दोन दशकांत तो चढलाच होता, हे मान्य. नव्वदच्या दशकापासून २०१० पर्यंत कुटुंबं विखुरली आणि वृद्धांच्या आत्महत्याही झपाट्याने वाढल्या. पण तेव्हा कुटुंब मागे सरत होतं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच येत नव्हतं. पुढे ते थोडंफार आलं. या दोन काळांतला फरक तिथे आहे, संस्कारांत नाही.

ही पिढी कोण होती? २०१० मध्ये सत्तर-पंचाहत्तरीत असलेला माणूस जपानी अमलाखाली जन्मला, शाळेच्या वयात त्याने १९५०–५३ चं युद्ध पाहिलं, तरुणपणी भाताच्या खाचरात आणि मग कारखान्यात राबला. जे मिळालं ते मुलांच्या शिक्षणात घातलं. गुरंढोरं विकून मुलाच्या कॉलेजची फी भरणाऱ्या शेतकऱ्यांमुळे तिकडे विद्यापीठांना ‘गुरांच्या हाडांचा मनोरा’ असं उपरोधाने म्हटलं जायचं. यामागे एक सरळ हिशेब होता: आज मुलावर घालायचं, उद्या मुलगा बघेल. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड तोच.

सरकारनेही हाच हिशेब गृहीत धरला. राष्ट्रीय पेन्शन योजना सुरू झाली १९८८ मध्ये, तीही आधी संघटित नोकरदारांपुरती. शेतकऱ्यांपर्यंत ती १९९५ ला पोचली आणि शहरातल्या छोट्या धंदेवाल्यांपर्यंत १९९९ ला. तोवर या लोकांची कमावती वर्षं सरत आली होती. मध्येच १९९७ चं आर्थिक संकट येऊन ज्या मुलांवर भरवसा ठेवला होता त्यांच्याच नोकऱ्या घेऊन गेलं. ज्यांच्या टिकल्या त्यांना स्वतःच्या मुलांच्या खासगी शिकवण्या आणि सोलमधल्या घराचं कर्ज होतं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. दोन पिढ्यांचा खर्च एका पगारात बसत नव्हता, इतकंच. अगदी २०२० मध्येही कोरियातले ६५ वर्षांवरचे ४० टक्के लोक सापेक्ष दारिद्र्यात होते, म्हणजे देशातल्या मधल्या माणसाच्या निम्म्याहून कमी उत्पन्नावर जगत होते. ओईसीडीची सरासरी १४ टक्के आहे.

आता मला ज्या गोष्टीचा खरा राग येतो ती सांगतो. २००० मध्ये कोरियात गरिबांना उपजीविकेची हमी देणारा कायदा लागू झाला. कागदावर चांगला कायदा. पण त्यात एक निकष होता: अर्जदाराला सांभाळू शकेल असा मुलगा, मुलगी, सून किंवा जावई असेल, तर मदत नाही किंवा कमी. तो प्रत्यक्षात सांभाळतो का, हा प्रश्न दुय्यम. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कोजे बेटावरच्या ७८ वर्षांच्या एका विधवा बाईने शहराच्या सरकारी इमारतीसमोर स्वतःचं आयुष्य संपवलं. तिची मदत थांबवण्यात आली होती, कारण जावयाला काम लागलं होतं. जावयाला!

या निकषातून सुटायची एक वाट होती. मुलाशी संबंध तुटलेत हे अर्जदाराने कार्यालयाला पटवून द्यायचं. म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीत खिडकीपलीकडच्या तिशीतल्या कारकुनाला सांगायचं, की माझा मुलगा फोन करत नाही, पैसे पाठवत नाही, सणाला येत नाही. आणि ते खरं वाटावं म्हणून बँकेचं पासबुक दाखवायचं. शिवाय मुलाचं उत्पन्न तपासायचं तर त्याची संमती लागे, म्हणजे त्याच्या पत्त्यावर सरकारी कागद जाणार. सुनेसमोर तो लिफाफा उघडला जाईल या कल्पनेनेच कितीतरी म्हाताऱ्यांनी अर्ज केला नाही. उपाशी राहू, पण मुलाची अब्रू चव्हाट्यावर नको. नातं जपायचं तर भूक सोसायची, भूक भागवायची तर नातं मेल्याचं स्वतःच लिहून द्यायचं. कुटुंबमूल्यांच्या नावाने चाललेल्या एका नियमाने कुटुंबाची केलेली ही दशा होती. हा निकष उपजीविकेच्या मदतीपुरता २०२१ च्या ऑक्टोबरात जवळजवळ काढून टाकला, तेव्हा कायद्याला वीस वर्षं उलटून गेली होती. वैद्यकीय मदतीतून तो सगळा त्यानंतरही गेला नाही.

मुलांवर भार होण्याची ही भीती वृद्धांच्या मानसिक आरोग्याच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं. कोरियन म्हातारे पेला उंचावताना गमतीने ‘९९८८२३४’ म्हणतात, ही आकड्यांच्या कोरियन उच्चारांवरची कोटी: नव्याण्णव वर्षांपर्यंत ठणठणीत राहायचं, दोन-तीन दिवस आजारी पडायचं आणि जायचं. आपल्याकडचं ‘चालताबोलता उचल रे देवा’ याहून वेगळं काय आहे? हसतहसत म्हटलं जातं, पण त्यातली विनवणी एकच: माझा भार कुणाला उचलायला लागू नये. या भीतीवर ‘मुलांनी अधिक लक्ष द्यावं’ हा उपदेश उतारा ठरू शकत नाही. मुलगा जितकं अधिक करेल तितकं त्या मनात ओझ्याचं खातं वाढतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे आपल्या घरात डोकवायला हरकत नाही. आपल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. कुटुंबाचं. वर्षाचं. महिन्याला १,७५० रुपये झाले. एवढ्यात कुठलं घर चालतं ते तहसील कार्यालयालाच ठाऊक; दाखले मात्र निघतात. २००७ च्या केंद्रीय कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मिळवता येतो, आणि सांभाळायच्या बोलीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायचं ठरवलं, तेव्हा तर टाळ्याच पडल्या. एखाद्या नाठाळ मुलाला वठणीवर आणायला हे ठीक आहे. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये असाच निकाल दिला: सांभाळण्याचं लेखी वचन देऊन वडिलांचं घर नावावर करून घेतलेल्या मुलाने ते पाळलं नाही, म्हणून घर परत करावं. त्यानंतर तिकडे असे लेखी करार करण्याची चर्चा वाढली. पण करार करायला आधी घर लागतं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्या बापाने कशाच्या जोरावर करार करायचा? आणि मुलगा आज्ञाधारक असला तरी त्याचा पगार तेवढाच राहतो.

मग कोरियात आकडा निम्म्यावर कसा आला? एकच कारण सांगणारा माणूस खोटं बोलतो आहे असं समजावं. पण दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली शेतीतली. २०११–१२ मध्ये सरकारने एका अतिविषारी तणनाशकाची नोंदणी रद्द करून विक्री थांबवली. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) ग्रामीण भागातल्या वृद्धांच्या हाताशी ते सहज असे. ज्याला जीव द्यायचाच आहे तो दुसरी वाट शोधतोच, असं तेव्हाही शहाणे लोक म्हणत होते. तसं झालं नाही. कीटकनाशकांमुळे होणाऱ्या आत्महत्या २०११ ते २०१३ या दोन वर्षांत जवळपास निम्म्या झाल्या आणि एकूण प्रमाणही उतरलं. पिकांच्या उत्पादनावर परिणाम दिसला नाही. जीव द्यावासा वाटणं ही पुष्कळदा लाट असते; ती ओसरेपर्यंत हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. हे कळायला समुपदेशक लागत नाही, कृषी खात्याचा एक आदेश लागतो.

दुसरी गोष्ट पैशाची. २००८ मध्ये वृद्धांना छोटी पेन्शन सुरू झाली, २०१४ च्या जुलैत तिची जागा २ लाख वॉनपर्यंतच्या मूलभूत पेन्शनने घेतली, २०२१ पर्यंत ती ३ लाखांवर गेली आणि २०२५ मध्ये ३,४२,५१० वॉन झाली. आपले वीस-एकवीस हजार रुपये. तिथल्या महागाईत यात जेमतेम भाजीपाला आणि औषधं होतात. पण ती ६५ वर्षांवरच्या ७० टक्के लोकांना मिळते, आणि ती देताना फक्त म्हातारा-म्हातारीचं स्वतःचं उत्पन्न व मालमत्ता पाहतात. मुलगा काय कमावतो हे कुणी विचारत नाही. माझ्या मते रकमेइतकंच हे न विचारणं मोलाचं आहे. नातवाच्या हातावर सणाला स्वतःच्या पैशांतलं पाकीट ठेवता येणं, दवाखान्यात मुलाला फोन न लावता जाता येणं, यांनी नातं सुधारतं. हात पसरायची वेळ नसेल तर मुलाची वाट बघण्यातही गोडी राहते.

सरकारी पाहण्या याला दुजोरा देतात. २०१४ मध्ये १०.९ टक्के वृद्धांनी सांगितलं की साठीनंतर आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला. त्यांतल्या ४०.४ टक्क्यांनी कारण दिलं पैशाची तंगी. २०२० मध्ये असा विचार आल्याचं सांगणारे २.१ टक्के होते, आणि त्यांतही तंगीचा वाटा २३ टक्क्यांवर आला होता. आजारपण त्याच्या बरोबरीला आणि एकटेपणा १८.४ टक्क्यांवर. अशा प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात का ही शंका राहतेच, पण ती दोन्ही वेळा सारखीच लागू. तंगीचा थर जसा खरवडला गेला तसा खालचा एकटेपणाचा थर उघडा पडू लागला.

इथे माझ्याच बाजूला अडचणीत आणणारी गोष्ट मांडली पाहिजे. पैसाच सगळं असता तर म्हाताऱ्या बायका अधिक संख्येने गेल्या असत्या. कोरियात त्या पुरुषांपेक्षा गरीब आहेत, त्यांची पेन्शन कमी आहे, जोडीदार गेल्यावर एकट्या राहणाऱ्याही त्याच जास्त. तरी वृद्ध पुरुषांमधलं आत्महत्येचं प्रमाण बायकांच्या सुमारे तिप्पट आहे. बायकांकडे असं काय आहे?

त्याचं एक उत्तर गावच्या क्यॉंगनोदांगमध्ये सापडतं. क्यॉंगनोदांग म्हणजे वृद्धांचं सार्वजनिक घर. देशभरात अशी सुमारे ६८,००० आहेत, म्हणजे कोरियात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या कन्व्हिनियन्स स्टोअर्सपेक्षाही जास्त. खेड्यात गाव तिथे एक आणि शहरात मोठ्या गृहसंकुलात कायद्यानेच एक. तांदूळ आणि हिवाळ्यात खोली तापवायचा खर्च सरकारकडून. आत बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. बायकांच्या खोलीत खालून तापवलेल्या जमिनीवर रजई पसरून दहा-दहा वॉनच्या नाण्यांवर ह्वातूचे पत्ते चाललेले असतात, कोपऱ्यात किमचीचा फ्रिज, भिंतीशी रक्तदाब मोजायचं यंत्र. दुपारचं जेवण सगळ्या मिळून करतात. कुणी मुळा आणते, कुणी चिरते. हिवाळ्यात घरची शेगडी बंद ठेवून दिवसभर इथेच बसायचं, म्हणजे घरचं तेल वाचतं. एखादी अकरापर्यंत आली नाही तर दुसरी उठून तिच्या दारात जाते. समुपदेशन वगैरे कुणी करत नाही. गुडघे, सुना, भाव आणि कोण गेलं एवढेच विषय. पण आपण आलो नाही तर कुणाला तरी कळेल, ही खात्री तिथे रोज मिळते, आणि ती देणारी माणसं पोटची नसतात.

पुरुषांच्या खोलीत बऱ्याचदा शुकशुकाट असतो. कोरियन पुरुषाचं जग कचेरीत किंवा कारखान्यात होतं. पद, हुद्दा, कामानंतरची दारू. मुख्य नोकरी तिथे पन्नाशीच्या आसपासच सुटते. मग दुकान, टॅक्सी, पहारेकरी असं काहीबाही. पद गेलं की ओळखी गेल्या. बायको असेपर्यंत नातेवाईक, शेजार, मुलं यांच्याशी बोलणं तिच्यामार्फत चालतं. ती गेली की त्याच्या आयुष्याचं टेलिफोन एक्स्चेंजच बंद पडतं.

क्यॉंगनोदांगचे गोडवे गाताना तिथली गटबाजी झाकायचं कारण नाही. जुन्या मंडळींचा दरारा असतो, नव्याने राहायला आलेल्या बाईला महिनोन्‌महिने कोपऱ्यात बसवलं जातं, वर्गणी देता येत नाही म्हणून गरीब फिरकत नाहीत, आणि पासष्टीतल्या माणसाला ऐंशीवाल्यांत ‘पोरगा’ म्हणून चहापाण्याला जुंपतात. ज्याच्या घरात बोलायला माणूस नाही त्याला इथेही वाळीत टाकलं तर तो आधीपेक्षा जास्त एकटा पडतो. जोडीदाराचंही तसंच. पाहणीच्या तक्त्यात ‘जोडीदार हयात’ या चौकटीत खूण झाली की माणूस सुरक्षित समजला जातो. पण ऐंशीचा नवरा स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशीच्या बायकोला एकट्याने उचलत असेल, तर त्याच्या मनाची घालमेल त्या चौकटीत दिसत नाही. इंचॉनजवळच्या कांगह्वा बेटावर योन्से विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११–१२ पासून एका परिसरातल्या जवळजवळ प्रत्येक वृद्धाला भेटून विचारलं, की महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुणाशी बोलता, नावं सांगा. मग ती नावं जोडून गावाच्या नात्यांचा नकाशा तयार केला. मला ही पद्धत आवडते, कारण ती ‘तुम्हाला एकटं वाटतं का’ असं विचारून थांबत नाही. मी ज्याचं नाव घेतो तो माझं नाव घेतो का, हे तिच्यात तपासता येतं. किती नाती आहेत यापेक्षा परतफेड होणारी किती, हा प्रश्न म्हातारपणी अधिक बोचरा असतो.

पुरुषांनी स्वतःहून जमवलेली एक जागा सोलमध्ये होती. चोंगनो भागातल्या तापगोल पार्कच्या भिंतीलगत वर्षानुवर्षं म्हातारे चांगी म्हणजे कोरियन बुद्धिबळ खेळत बसत. ६५ वर्षांनंतर मेट्रो फुकट आहे (ही सवलत १९८४ पासूनची), त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाहून कुणीही यायचा. दोघे खेळायचे, दहा जण उभे राहून चाली सांगायचे. तिथे दारू होती, भांडणं होती, कचराही होता; आणि पार्क ऐतिहासिक आहे, १९१९ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेची जागा ती. २०२५ च्या उन्हाळ्यात स्थानिक प्रशासनाने पट उचलायला लावले. दारूबंदी कडक करा, झाडू मारा, शौचालयं बांधा, हे सगळं पटतं. पण एकटेपणा हटवण्यासाठी कोट्यवधी वॉनचे कार्यक्रम आखणाऱ्या देशाने, स्वतःच्या पायांनी येऊन अनोळखी माणसाशी खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना उठवावं, हे मला कळत नाही. कार्यक्रम हवे असतील तर ते इथेच चालू होते, विनाअनुदानित.

याउलट कुठल्या गोष्टींवर कौतुकाचा वर्षाव होतो पाहा. काही नगरपालिका एकट्या राहणाऱ्या वृद्धांना बोलणारी बाहुली देतात. औषधाची वेळ झाली की ती आठवण करते, बराच वेळ हालचाल दिसली नाही तर कळवते. ती बोलते लहान नातवंडासारखी, ‘आजी, तुझी वाट बघत होते’ या चालीवर. वृद्धांना ती आवडते, काही जण तिला कपडे शिवतात. त्यांना हसायचा मला अधिकार नाही. पण यंत्र बनवतानाही आपल्याला नातवंडच सुचावं? मैत्रीण का नाही? पत्त्यात लबाडी करणारी शेजारीण का नाही? म्हाताऱ्या माणसाला खाली उतरत्या पिढीतूनच माया मिळू शकते, या समजुतीतून यंत्रंही सुटलेली नाहीत.

मला त्यापेक्षा दही-दूधवाल्या बाया महत्त्वाच्या वाटतात. आंबवलेल्या दुधाच्या बाटल्या घरोघर पोचवणाऱ्या एका कंपनीच्या विक्रेत्या महिला १९९४ पासून, आधी सोलच्या एका भागात आणि मग देशभर, एकट्या वृद्धांच्या दारात बाटली देताना चौकशी करून जातात. सोलच्याच ओक्सु भागातल्या एका चर्चने २००३ पासून वृद्धांना दूध पोचवायला सुरुवात केली, ते असंच. दारात पिशव्या साचल्या की काहीतरी बिनसलंय हे कळतं. या नात्यात कुणी कुणाचं देणं लागत नाही. रोज दोन मिनिटं आणि तीही धंद्याच्या निमित्ताने, म्हणून घेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. भार होण्याची भीती ज्याला खाते त्याला असंच नातं पेलतं.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण त्यातही एक सरकारी नियम आडवा आला होता. कोरियन वृद्ध नैराश्य घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. छातीत भरून येतं, झोप नाही, खाल्लेलं पचत नाही, अशा तक्रारी घेऊन तो जवळच्या साध्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरला नैराश्यावरची नेहमीची औषधं विम्यातून ६० दिवसांपलीकडे लिहून देता येत नसत. पुढे तज्ज्ञाकडे पाठवा, असा दंडक. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नाही, बस दिवसातून दोनदा, आणि वर ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जायची लाज. साठाव्या दिवशी औषध सुटायचं. हा दंडक २०२२ च्या डिसेंबरात सैल झाला. २०२४ च्या जानेवारीपासून आत्महत्या प्रतिबंधासाठी देशभर १०९ हा एकच क्रमांक आहे, जसा आपल्याकडे टेली-मानसचा १४४१६. क्रमांक असावेतच, आणि मन बुडत असेल तर ते फिरवावेतही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला गरज असेल तर आजच.

आता पुढे काय येणार आहे ते पाहा. २०२४ च्या डिसेंबरात कोरियात ६५ वर्षांवरच्यांचा वाटा २० टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी देशातल्या एकूण आत्महत्या वाढून १४,८७२ झाल्या, आणि चाळिशीतल्या लोकांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आत्महत्या ठरलं. घरात एकट्याने मरण येऊन काही काळाने कळणाऱ्या मृत्यूंची कोरियन सरकार वेगळी मोजणी करतं. २०२० मध्ये त्यासाठी कायदाच केला आहे. २०२१ मध्ये असे ३,३७८ मृत्यू नोंदले गेले, २०२४ मध्ये ३,९२४. यात सर्वांत जास्त कोण? ऐंशीची आजी नाही. पन्नाशी-साठीतले पुरुष. घटस्फोट झालेले, धंदा बसलेले, भाड्याच्या एका खोलीत राहणारे. मूलभूत पेन्शनला त्यांचं वय बसत नाही. क्यॉंगनोदांगमध्ये प्रवेश नाही, मेट्रोची सवलत नाही, बाहुली नाही, दूध नाही.

येत्या दहा वर्षांत ते पासष्टी ओलांडतील. पेन्शन तेव्हा आपोआप सुरू होईल, ती लढाई आधीच्या पिढीने जिंकून ठेवली आहे. पण यांच्यातल्या पुष्कळांना मुलं नाहीत, किंवा असून बोलणं नाही. त्यामुळे ‘मुलांनी सांभाळावं’ हा उपदेश करायला समोर कुणी असणारच नाही. यांच्यासाठी आतापासून काय करता येईल, तर वयाची अट पन्नासवर आणून क्यॉंगनोदांगची एखादी खोली संध्याकाळी उघडी ठेवणं, जेवण शिजवायचं काम त्यांच्याच हाती देणं, घरमालक आणि कोपऱ्यावरचा दुकानदार यांना चौकशी करायचं मानधन देणं, आणि नोकरी सुटताना कंपनीने हिशेबाच्या कागदांबरोबर कामगारांच्या जुन्या गटाला भेटायला एक जागा देणं. खर्च फार नाही. अडचण एवढीच, की यासाठी म्हाताऱ्या पुरुषांनी पुरुषांसाठी भात शिजवायला हवा, आणि त्या पिढीला तो येत नाही.